गळका स्टिअरिंग रॅक नव्यानं बांधला : ८ महिने आणि ११ हजार किलोमीटरनंतर

गेल्या जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, आमच्या २०१० सालच्या डिझेल गाडीचा पॉवर स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा नळी-दांड्याचा भाग, उतरवून नव्यानं बांधून बसवला. त्यानंतर गाडी ११ हजार किलोमीटर चालली. त्यात अख्खा पावसाळा गेला, उसाचा सीझन गेला आणि लेकीला भेटायला जवळजवळ दर रविवारी अंबाजोगाई ते लातूर झालं. आता या कामाबद्दल ठामपणे काही सांगता येईल, म्हणून लिहितोय. गाडीचं नाव लिहीत नाही. २ लाख ७० हजार किलोमीटर पळालेल्या गाडीची झीज बनवणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही, आणि ज्या जुन्या गाडीत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, रॅक आहे तिला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

सुरुवात आदल्या हिवाळ्यात झाली. सकाळी गाडी काढली की अंगणातल्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसायचा. इंजिन ऑइल असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग थंडीत पहिल्या वळणाला स्टिअरिंग जड जाऊ लागलं आणि वळवताना बॉनेटखालून घूं असा आवाज येऊ लागला. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली आणि वर फेस. फेस याचा अर्थ पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरला, तेव्हा कळलं की डाग काळा नसून लालसर तपकिरी आहे. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. हा कागदाचा उपाय फुकट आहे, आणि मी तो महिनाभर आधी करायला हवा होता.

पहिल्या गॅरेजमध्ये पंपापासून रॅककडे जाणारा प्रेशर पाइप बदलला. २,८०० रुपये गेले, गळती तशीच. त्यांनी पाइप ओला बघितला आणि तोच गुन्हेगार ठरवला. तेल वरून खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागे पसरतं, त्यामुळे जे ओलं दिसतं तिथूनच गळतंय असं नसतं. आधी सगळं डिझेलनं धुवून, पुसून कोरडं करायचं, मग इंजिन चालू ठेवून एकानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्यानं खालून टॉर्च मारून बघायचं. ही पंधरा मिनिटं कुणी दिली नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही.

नंतर दुकानदारानं गळती थांबवणारं औषध दिलं, तेही टाकून पाहिलं. अशी औषधं आतल्या रबराला फुगवतात, सील थोडं घट्ट बसतं आणि गळती कमी झाल्यासारखी वाटते. माझ्या गाडीत तीन आठवडे बरं चाललं, चौथ्या आठवड्यात पहिल्यापेक्षा जास्त तेल जायला लागलं. मार्चपर्यंत दर चार दिवसांनी डबीत तेल टाकत होतो. आई मागच्या सीटवर बसली की विचारायची, "बाळा, ही कण्हती कशानं?"

खरं दुखणं लातूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, रॅकच्या डाव्या टोकाला असलेल्या रबरी बूटची, म्हणजे दांड्यावरच्या घड्यांच्या रबरी आवरणाची, क्लिप काढली आणि बूट बोटानं मागे सारला. आतून कपभर तेल खाली सांडलं. बूट आतून कोरडा असायला हवा. तिथं तेल सापडलं की रॅकचं आतलं सील गेलं, मग पाइप बदलून काही उपयोग नाही. चाचांनी तोच बूट उलटा करून मला दाखवला. घडीमध्ये दोन इंचांची चीर होती आणि आत आपली काळी माती तेलात कालवून मळलेल्या कणकेसारखी बसली होती.

"सर, सील गेलं ते नंतर. आधी हे फाटलं," ते म्हणाले.

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रॅकच्या नळीत एक गुळगुळीत, क्रोम केलेला दांडा डावीउजवीकडे सरकतो. त्याच्यावर पिस्टन असतो. स्टिअरिंग फिरवलं की पिनियनजवळचा, म्हणजे स्टिअरिंगच्या खालच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाजवळचा, व्हॉल्व्ह पिस्टनच्या एका बाजूला तेल सोडतो आणि ते तेल दांड्याला ढकलतं, म्हणून आपल्या हाताला जोर लागत नाही. टायरमध्ये आपण ३० ते ३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून दाबून धरलं की इथला दाब हजार पीएसआयच्या वर जातो. एवढा दाब अडवायला दोन्ही टोकांना असतं फक्त एक पातळ रबरी सील. दांड्यावर मातीचा कण बसला की प्रत्येक वळणाला तो सीलखालून ये-जा करतो. आधी सील कापलं जातं, मग दांड्यावर चरे पडतात. आमचं शेत पांदणीच्या कडेला आहे. पावसाळ्यात तिथली माती चाकाच्या कमानीत वीतभर बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. बूट नक्की कधी फाटला माहीत नाही, पण एक दोन पावसाळे तरी तो तसाच चालला असणार. काही शे रुपयांच्या रबरामुळे सगळा रॅक गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे काय करायचं हे ठरवायला रॅक खाली उतरवावा लागला. चाचांनी दांडा पुसला आणि माझं नख त्यावरून फिरवायला लावलं. दोन ठिकाणी नख अडकलं. नख अडकलं नाही तर नुसतं सील किट टाकून भागतं. अडकलं तर नवं सीलही त्या चऱ्यावर घासून काही महिन्यांत जातं. किट स्वस्त म्हणून ते टाकून मजुरी दोनदा देणारे लोक मी नंतर पाहिले. भंगारातला रॅक ६ हजारांत मिळत होता, पण त्याचे बूट कुणी कधी उघडून पाहिले होते? नवा ओरिजिनल ३१ हजार सांगितला. आमच्या गाडीची आजची किंमत धरता तो माझ्या आवाक्याबाहेर होता. शेवटी स्वतःचाच रॅक छत्रपती संभाजीनगरच्या एका वर्कशॉपमध्ये रिकंडिशनला पाठवला. ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं गेला, पाचव्या दिवशी परत आला. दांडा घासून पुन्हा हार्ड क्रोम, सगळी सील नवी, पिनियनची बेअरिंग नवी, ९,५०० रुपये. टेस्ट बेंचवर दाब देऊन तपासतानाचा व्हिडिओ मी मागून घेतला. तो न देणाऱ्याकडे काम देऊ नये असं माझं मत आहे.

बसवताना चाचांनी तीन गोष्टी केल्या, त्यांच्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. रॅक उतरवण्याआधी स्टिअरिंग सरळ करून सीट बेल्टनं बांधून टाकलं. खालचा जोड सुटल्यावर स्टिअरिंग मोकळं फिरलं तर आत एअरबॅगची जी गुंडाळलेली पट्टी असते ती तुटू शकते, आणि तो खर्च वेगळा. दुसरं, जुनं तेल पूर्ण काढलं. डबी खोलून तिची जाळी धुतली, रिटर्न पाइप बाटलीत सोडून नवं तेल आरपार जाऊ दिलं. पंपानं कोरडं चालून जो बारीक चुरा सोडला असेल तो नव्या सीलमध्ये जाऊ नये, हा हेतू. यात तीन लीटर एटीएफ लागलं आणि मी सुरुवातीला कुरकुर केली, पण ते बरोबर होते. तिसरं, पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश वीसेक वेळा दोन्ही टोकांना फिरवलं, मग इंजिन चालू करून पुन्हा. डबीतला फेस जाईपर्यंत गाडी खाली ठेवली नाही.

रॅक एंड (रॅकच्या टोकांचे सांधे), दोन्ही बूट, तेल, मजुरी, पार्सल आणि शेवटी अलाइनमेंट धरून १६,७०० रुपये झाले. अलाइनमेंट टाळू नका. टाय रॉडचे (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे) आटे मोजून बसवले तरी चाकाचा कोन थोडा हलतोच, आणि टायर आतून खाल्ले जाईपर्यंत ते कळत नाही.

पहिले काही दिवस मी खूश नव्हतो. गळती थांबली होती, आवाज गेला होता, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईना. रेणापूरच्या अलीकडे एका वळणावर हात ढिला सोडला तर गाडी तशीच वळत राहिली, काळजात धस्स झालं. चाचांनी पिनियनच्या समोरचा अ‍ॅडजस्टिंग नट अगदी थोडा सैल केला. रॅक बांधताना तो जास्त आवळला गेला होता. जास्त आवळला तर स्टिअरिंग परत फिरत नाही, जास्त सैल सोडला तर खराब रस्त्यावर खटखट येते. तेव्हापासून ठीक आहे. दुसरी अडचण दीड हजार किलोमीटरला आली. प्रेशर पाइपच्या बँजो बोल्टजवळ (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टजवळ) ओल दिसली. तांब्याचं जुनं वॉशर पुन्हा वापरलं गेलं होतं. नवं टाकलं, थांबली.

त्यानंतर आजपर्यंत डबीत थेंबभर तेल टाकलेलं नाही. पातळी दर रविवारी निघण्याआधी बघतो, खुणेवरून हललेली नाही. श्रावणात सात माणसं घेऊन तुळजापूरला गेलो, परतीला रस्ताभर पाऊस होता, स्टिअरिंग हलकं आणि सरळ. खरी परीक्षा उसाच्या सीझनला झाली. रात्री समोरून दुहेरी ट्रॉलीचा ट्रॅक्टर येतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि गाडी साइडपट्टीवर उतरवून पुन्हा डांबरावर चढवावी लागते. आधी त्या धक्क्याला स्टिअरिंग हातातून निसटल्यासारखं व्हायचं, आता गाडी सांगितलेलं ऐकते. दिवाळीत आई मागून म्हणाली, "आता नाही रे कण्हत." लेकीनंही फोनवर ते आवर्जून विचारलं होतं.

जाग्यावर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं मी सोडलं आहे. आधी गाडी थोडी हलू देतो. यू टर्नला पूर्ण वळवलं की टोकाला दाबून धरत नाही, किंचित मागे घेतो, कारण तिथं पंप सगळ्यात जास्त तापतो. शेतातून आलो की पाण्याचा पाइप घेऊन चाकामागची माती त्याच दिवशी धुतो, पण पाण्याचा जोरदार फवारा बूटच्या क्लिपवर मारत नाही.

तुमची गाडी ४-५ वर्षं ठेवायची असेल आणि ऐपत असेल तर नवा रॅक घ्या, त्यात शंका नाही. माझ्यासारखं असेल तर स्वतःचाच रॅक क्रोम करून बांधून घेणं मला भंगारातल्या रॅकपेक्षा कितीतरी खात्रीचं वाटतं. पण आजच गाडीखाली टॉर्च घेऊन बसा आणि दोन्ही बूट घडी उलगडून बघा. मी मागच्या रविवारी बघितले तेव्हा दोन्ही कोरडे होते. उजव्या टाय रॉड एंडच्या टोपीला मात्र बारीक तडा दिसतोय. पाडव्याच्या आत तो बदलायला गाडी चाचांकडे नेणार आहे.