मुतखड्यासाठी वायवर्णा, गोखरू की पाषाणभेद?

सोनोग्राफीत चार एमएमचा खडा दिसला की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. आत्या म्हणते गोखरू घे, शेजारचे काका वायवर्ण्याचा काढा सांगतात आणि कोणीतरी कुंडीतलं पाषाणभेदाचं पान तोडून हातावर ठेवतं.

पाच एमएमच्या आतले खडे बहुतेक वेळा भरपूर पाण्यानेच पडून जातात, त्यामुळे ‘काढ्याने पडला’ हे जरा जपून ऐकावं. दहाच्या वरचा खडा, दुखण्यासोबत ताप किंवा लघवी अडणं असेल, तर तुलना बाजूला ठेवून थेट दवाखाना.

वायवर्णा म्हणजे ग्रंथांतला वरुण, ओढ्याकाठचं झाड. तीन-तीन पानांमुळे लोक त्याला बेल समजतात, पण बेलाला काटे असतात, याला नाहीत. फुलं पांढरी, पुढे पिवळट होणारी. त्यांतून लांब जांभळट केसर मिशांसारखे बाहेर आलेले. कोवळ्या पाल्याची कडवट भाजी होते, पण मुतखड्याला साल वापरतात. सुश्रुतसंहितेतल्या वरुणादि गणाला, म्हणजे औषधी वनस्पतींच्या एका गटाला, नावच याचं आहे. सालीतल्या ल्युपिऑल या घटकाचे उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत, माणसांवरचा पुरावा तोकडा. गुण उष्ण. शिवाय खटाटोप आहे: दहा ग्रॅम भरड, सोळापट पाणी आणि मंद आचेवर पाव हिस्सा उरेपर्यंत उकळायचं. रोज सकाळी हे कोण करणार, तेही ठरवा.

गोखरू, म्हणजे माळरानावर चपलेत घुसणारा सराटा, याच्या उलट: शीत आणि गोड. लघवीला आग होत असेल तर वैद्य आधी याचं नाव घेतात. सुकी फळं काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतात आणि काट्यांमुळे ओळख चुकत नाही.

पाषाणभेदाचं नाव सगळ्यात भारदस्त, घोळही सगळ्यात मोठा. ग्रंथांतला पाषाणभेद म्हणून साधारणपणे हिमालयातल्या एका वनस्पतीचे मूळकंद धरतात. आपल्याकडे कुंडीतल्या पानफुटीलाही तेच नाव चिकटलंय. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

माझं विचाराल तर आग, जळजळ असेल तेव्हा गोखरू. खडे पुन्हापुन्हा होत असतील तर वायवर्णा, पण वैद्याला प्रकृती दाखवून. पाषाणभेद मी स्वतःहून घेणार नाही. गरोदरपणात किंवा किडनीचा जुना आजार असल्यास तिन्हींपैकी काहीही मनाने सुरू करू नका. आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर वैद्य आणि डॉक्टर दोघांच्याही कानावर घाला.