लंडनमध्ये पहिला ऑपेरा: इंग्रजीतला की मूळ भाषेतला?

लंडनला नोकरीसाठी आलेले किंवा मुलांकडे राहायला आलेले ओळखीचे लोक वर्षातून एकदा तरी विचारतात, "एकदा ऑपेरा बघायचाय, कुठला बघू?" मग मलाच उलटं विचारावं लागतं, कुठल्या भाषेतला? सेंट मार्टिन्स लेनवरच्या कोलिझियम थिएटरात इंग्लिश नॅशनल ऑपेरा ही संस्था मोझार्ट, व्हर्दी, पुचिनी या सगळ्या संगीतकारांना इंग्रजी बोलायला लावते. तिथून पायी दहाएक मिनिटांवर, कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये, हीच मंडळी इटालियन, जर्मन, फ्रेंचमध्ये गातात.

"इंग्रजीतलाच बघू, निदान कळेल तरी," असं बहुतेक जण म्हणतात. पण कळत नाही. स्त्रीचा आवाज फार वर चढला की आ, ई, ऊ हे सगळे स्वर एकमेकांसारखेच ऐकू येतात. हा गायिकेचा दोष नाही, गळ्याची रचनाच तशी आहे. त्यात तीनचार जण एकाच वेळी वेगवेगळे शब्द गात असले की जन्माने इंग्रज असलेला शेजारीही मान वर करून सरटायटल्स वाचतो. सरटायटल्स म्हणजे रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर उमटणारा मजकूर. ही सोय १९८३ साली टोरंटोत सुरू झाली. 'आम्ही इंग्रजीतच गातो, आम्हाला याची गरज काय' म्हणणाऱ्या कोलिझियमनेही २००५ मध्ये ती घेतली. म्हणजे इंग्रजी गाणं, वर इंग्रजीच अक्षरं. आपल्यासारख्यांना तर इंग्रजीही शिकूनच आलेली. तेव्हा वाचायचं दोन्हीकडे आहेच, आणि ते इंग्रजीतच आहे.

मग फरक कशात? माझ्या मते तो वेळेत आहे. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हानी'मध्ये नोकर लेपोरेल्लो मालकाच्या प्रेमप्रकरणांची वही उघडून आकडे सांगतो: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१, आणि स्पेनमध्ये? इथे संगीत जरा थबकतं, मग येतो आकडा: १००३. मूळ इटालियनमध्ये ऐकताना हा आकडा पुष्कळदा आधी पट्टीवर झळकतो. प्रेक्षागृह हसून मोकळं होतं आणि बिचारा गायक हसून झालेल्या विनोदावर गात राहतो. इंग्रजीत गायलं की हशा त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर येतो. गायकालाही ते कळतं, आणि तो पुढची ओळ त्या हशावर तोलून टाकतो. आपल्याकडच्या नाटकात नट प्रेक्षकांशी जे खेळतो, तेच हे.

आईला मी कोलिझियममध्ये 'द मॅजिक फ्लूट' दाखवला. तिचं इंग्रजी वर्तमानपत्रापुरतं. पण त्यातला विनोदी पक्षीपारधी पापागेनो गळफास घ्यायला निघतो, कुणी तरी अडवेल या आशेने 'वन… टू…' मोजत रेंगाळतो, तेव्हा ती वरच्या पट्टीकडे न बघता हसली. हा ऑपेरा मोझार्टने १७९१ मध्ये व्हिएन्नाच्या उपनगरातल्या थिएटरसाठी, तिथल्या लोकांच्या जर्मनमध्येच लिहिला. मध्ये चक्क गद्य संवाद आहेत. समोरच्याला समजावा म्हणूनच तो तसा लिहिलेला. त्याला इंग्रजीत आणणं हा मला अपराध वाटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. इटालियन शब्द बहुतेक स्वरावर संपतात. पुचिनीच्या 'तुरांदोत'मधल्या 'नेस्सुन दोर्मा' या गाण्याच्या शेवटी टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष, 'विन्चेरो' (मी जिंकेन) म्हणतो आणि तो 'ओ' मोकळ्या गळ्याने हवा तेवढा ताणतो. त्याजागी 'आय शॅल विन' घाला: आखूड 'इ', त्यावर लगेच 'न'चं झाकण. अर्थ बरोबर, पण आवाजाला पसरायला अंगणच उरलं नाही. अशा जागी मला अनुवाद नको असतो.

अनुवादकाचं काम काय अवघड असतं हे मराठी माणसाला खरं तर लवकर कळावं. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असते. चाल आधीची, त्यावर मराठी शब्द बसवलेले. पण किर्लोस्कर-खाडिलकरांना शब्द आपले घालायची मोकळीक होती. ऑपेराच्या अनुवादकाला अर्थ तोच ठेवायचा, सुरांना हात लावायचा नाही, आणि आघातही जिथल्या तिथे पाडायचा. कधी कधी ते जमून जातं. पुचिनीच्या 'ला बोएम'मधलं 'के जेलिदा मानिना' इंग्रजीत 'युअर टायनी हँड इज फ्रोझन' झालं. इकडे सात अक्षरं, तिकडेही सात. 'नि'वर जो भार तोच 'फ्रो'वर. जमलं नाही की मात्र शब्दांची उलथापालथ करून शेवटी यमक गाठलेलं असतं आणि टेनर शाळेच्या स्नेहसंमेलनात कविता म्हणतोय असं वाटतं.

आणि 'मूळ भाषेतच ऐकावं' हा सोवळेपणा तसा जुना नाही. १९४८ मध्ये याच कॉव्हेंट गार्डनमध्ये किर्स्टन फ्लागस्टाड आणि हान्स हॉटर यांनी वाग्नरचा 'डी वाल्क्यूरे' इंग्रजीत गायला. मारिया कॅलासने वाग्नर गायला तो इटालियनमध्ये. विमानप्रवास वाढला, एकच गायक महिन्याभरात तीन देशांत तीच भूमिका करू लागला. त्याने ती किती भाषांत पाठ करायची? मूळ भाषेच्या आग्रहामागे शुद्धतेइतकीच ही सोयही आहे. शिवाय 'मूळ' म्हणजे कोणतं? व्हर्दीचा 'डॉन कार्लोस' १८६७ मध्ये पॅरिससाठी फ्रेंचमध्ये लिहिला गेला, पण बहुतेकांनी तो ऐकलेला असतो इटालियनमध्ये. चेक संगीतकार यानाचेकने तर चेक बोलण्याच्या चढउतारांवरूनच सूर बांधले. त्याला अनुवाद सर्वांत कमी मानवावा. तरी इंग्लंडला त्याचा 'कात्या काबानोव्हा' पहिल्यांदा दिसला तो १९५१ मध्ये, इंग्रजीतच, आणि तिथून त्याचं नाव इथे रुजलं.

मी सगळ्यात चकलो ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा 'सत्याग्रह' हा गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा ऑपेरा. सगळे शब्द भगवद्गीतेतले, आणि गायचं संस्कृतात. इंग्रजीचा हट्ट धरणाऱ्या कोलिझियमने तो २००७ पासून पुन्हा पुन्हा केला आहे, संस्कृतातच, पट्टीवर ओळीमागून ओळ अनुवाद न देता. काही निवडक वाक्यं तेवढी नेपथ्यावर उमटतात. २०१८ मध्ये मी गेलो तो मनात थोडी ऐट घेऊन: आज या सगळ्या गोऱ्या लोकांत मला एकट्याला कळणार. पण अक्षरं इतकी संथ, इतकी लांबवलेली, की पहिल्या अध्यायातला श्लोक ओळखू येईपर्यंत तो चार वेळा होऊन गेला होता. शेजारच्या बाईंना एक शब्दही कळत नव्हता आणि त्या माझ्यापेक्षा निवांत ऐकत होत्या.

तर ठरवायचं कसं? विनोदी असेल, संवाद असतील, मुलं बरोबर असतील, तर इंग्रजी: 'मॅजिक फ्लूट', 'फिगारो', 'फ्लेडरमाउस'. अमेरिकेत असाल तर न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा नाताळच्या सुमारास 'मॅजिक फ्लूट'चा कापून लहान केलेला इंग्रजी प्रयोग करत आलं आहे, आणि सेंट लुइसची ऑपेरा थिएटर ही संस्था १९७६ पासून इंग्रजीतच गाते. गळ्यासाठी जात असाल, 'तोस्का', 'तुरांदोत', 'ला त्राव्हियाता', तर मूळ भाषा, आणि जाण्याआधी कथानक एकदा वाचून घ्या म्हणजे मान सारखी वर करावी लागणार नाही. मुंबईत असाल तर हा प्रश्नच फारसा उरत नाही. एनसीपीए या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटनचे प्रयोग पडद्यावर पाहायला मिळाले आहेत ते बहुतांशी मूळ भाषेत, खाली इंग्रजी ओळींसह. वाग्नर मी अजून दोन्हीकडे विभागून ऐकतो. वाद्यवृंद-संचालक रेजिनाल्ड गुडॉलने १९७० च्या दशकात कोलिझियममध्ये केलेला इंग्रजी 'रिंग', म्हणजे वाग्नरची चार ऑपेरांची मालिका, ध्वनिमुद्रित आहे. त्यातला देवांचा राजा वोटान मुलीशी बोलत बसतो तेव्हा तो घरातला बाप वाटतो, देव नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. कलासंस्थांना सरकारी पैसा वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने २०२२ मध्ये नियमित अनुदानाच्या यादीतून नाव काढायचं जाहीर केल्यापासून इंग्लिश नॅशनल ऑपेराला मँचेस्टरमध्येही बिऱ्हाड थाटावं लागतं आहे, त्यामुळे कोलिझियमच्या तारखा आधी बघा आणि मग विमानाची तिकिटं काढा. आणि 'सत्याग्रह' लागला असेल तर गीतेची पोथी बरोबर घेऊ नका. मी नेली होती. अंधारात ती तीन तास मांडीवरच पडून राहिली.