झिरोइंग आणि लॉट टेस्टिंगच्या नावावर 36,000 गेले, नागपूरच्या शूटर लोकांनी वाचा

आधी आकडा सांगतो. 3,500 झिरोइंगचे (रायफलची साइट निशाण्याच्या मध्यावर जुळवणं), 8,500 लॉट टेस्टिंगचे (कोणत्या खेपेच्या, म्हणजे लॉटच्या, गोळ्या रायफलला मानवतात ते तपासणं) आणि 24,000 गोळ्यांच्या बुकिंगचा ॲडव्हान्स. छत्तीस हजार, सगळे यूपीआयने, आणि ते घेणारे रेंजवरचे कोचसाहेब आता फोन उचलत नाहीत. ज्यांना वाटतंय की एवढा शिकला-सवरलेला माणूस फसलाच कसा, त्यांनी पूर्ण वाचा आणि मग खुशाल हसा.

माझ्याकडे लायसन्सवर .22 रायफल आहे, 50 मीटर प्रोन (पालथं झोपून) मारतो, हौशी म्हणा. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने रायफल थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हापासून पुन्हा खाज सुटली. हा गडी रेंजवर टेबल टाकून बसायचा, मागे बॅनर, समोर लॅपटॉप आणि व्हर्नियर, ‘टेक्निकल कोच’ म्हणे. आणि गोम अशी की त्याचं बोलणं सगळं खरं होतं हो! .22 च्या प्रत्येक बॅरलला वेगळा लॉट मानवतो, खरं. एकाच कंपनीच्या त्याच गोळीचा लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, उघडतो आणि झिरोही हलतो, खरं. डिसेंबरच्या थंडीत केलेला झिरो आपल्या मे महिन्यातल्या 45 डिग्रीला जसाच्या तसा राहत नाही, हेही खरं. एली, लापुआ या कंपन्या बॅरल व्हाइसमध्ये कसून 50 मीटरवर लॉट टेस्ट करून देतात, तेही खरंच. "भाऊ, त्यासाठी जर्मनीला काहून जाता, मी इथंच करून देतो ना." आता यात कोणाला काय वास येणार?

टेस्ट माझ्यासमोर झाली. माझी रायफल, बेंच, सँडबॅग, क्लबकडचे दोन लॉट आणि माझ्याकडचा एक. स्पॉटिंग स्कोपमधून मला ग्रुप पसरलेला दिसत होता, शॉट नऊमध्ये, एखादा आठमध्ये. मी बोललो पण. तर म्हणे, "मिराज आहे भाऊ, ऊन वर आलं, स्कोपात असंच दिसते, निशाण्याच्या कार्डावर मोजू." मिराज, म्हणजे तापलेल्या हवेने चित्र थरथरणं, होताच, त्यामुळे मी गप्प बसलो. मग त्याने स्वतः जाऊन कार्डं काढली आणि सरळ फाइलमध्ये घातली, सॉफ्टवेअरवर मोजून पीडीएफ पाठवतो म्हणाला. कार्ड हातात घेऊन बघायची वेळ ती होती! कार्ड लावायच्या आधी पेनाने त्यावर सही करा, तारीख टाका, आणि काढताना स्वतः काढा, कोच असो की कोचचा बाप असो.

संध्याकाळी पीडीएफ आली. दुसऱ्या लॉटचा ग्रुप 11 मिमी, म्हणजे जवळजवळ सगळं दहाच्या रिंगमध्ये, ती रिंगच 10.4 मिमीची आहे. मी खूश. पोरगा शाळेत 10 मीटर एअर रायफल मारतो, तिच्या छर्ऱ्याला पेलेट म्हणतात, त्याने मागून डोकावलं आणि म्हणाला, "बाबा, ही तर आमच्या पेलेटची भोकं दिसताहेत." मी काय म्हणालो? "तू तुझा अभ्यास कर." आणि तासाभरात 24,000 पाठवले, कारण तो लॉट म्हणे डीलरकडे थोडाच उरला होता आणि माझ्या लायसन्सवर राखून ठेवायचा होता.

आता तीच पीडीएफ मोठी करून बघतो तेव्हा डोकं फिरतं. .22 ची गोळी गोल नाकाची, ती कागद फाडत जाते, भोकाची कड चिरते आणि भोवती काळपट तेलकट वर्तुळ उमटतं. यातली भोकं पंचिंग मशीनने पाडल्यासारखी साफ, कडेला डाग नाही की चीर नाही. चपट्या तोंडाचा 4.5 मिमीचा पेलेट असा कापतो. म्हणजे पठ्ठ्याने 50 मीटरच्या कार्डावर जवळून एअर रायफल मारली आणि मला रिपोर्ट म्हणून चिकटवली. झिरोइंगचंही तेच, नंतर मारायला बसलो तर सगळे शॉट डावीकडे आठमध्ये. झिरो करून घेतला की तिथेच दहा शॉटचा ग्रुप स्वतः मारून बघा, मग पैसे द्या.

रेंजच्या ऑफिसात गेलो तर "तो आमचा माणूस नाही." अरे, मग टेबल कोणाचं, लाइट कोणाची, बॅनर लावायची परवानगी कोणी दिली? बँक म्हणते ओटीपी कोणी घेतला नाही, पैसे तुम्हीच पाठवले, म्हणजे फ्रॉड नाही. सायबर हेल्पलाइन 1930 वर नोंदवलं, तक्रारीचा नंबर मिळाला. आणि पोलीस स्टेशनची तर कथाच! रायफल शब्द काढल्याबरोबर माझी तक्रार बाजूला आणि माझंच लायसन्स तपासणं सुरू, कुठे ठेवता, किती राउंड आहेत, हिशेब दाखवा. सगळा दाखवला, एकही राउंड इकडचा तिकडे नाही. मग म्हणे हा दोघांमधला व्यवहार आहे, कोर्टात जा. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 आता 318 झालंय एवढं मला माहीत आहे, साहेबांना माहीत असूनही अर्जावर फक्त पोचशिक्का मारून दिला. छत्तीस हजार काय झाडाला लागतात काय?

गोळ्यांसाठी डीलर सोडून कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका, आणि डीलरलाही बिलाशिवाय नाही. लायसन्सची झेरॉक्स दिली असेल तर त्यावर कशासाठी दिली ते आडवं लिहा, मी दिलेली आता त्याच्याकडे पडून आहे आणि त्याचाच घोर जास्त आहे.

ज्यांच्याकडे त्याचा रिपोर्ट असेल त्यांनी पान 3 वरचं कार्ड बघा. वरच्या डाव्या कोपऱ्यात स्टेपलची दोन भोकं आणि त्यातलं एक फाटलेलं दिसलं तर तुमचा आणि माझा ग्रुप एकच आहे. मला मेसेज करा, अर्जाला तुमचं नाव जोडून पुन्हा देतो, एकट्याचं कोणी ऐकत नाही.