‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाची प्रतिकृती: घडण उत्तम, माहितीपत्रक सदोष

ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाची, ‘किर्की अँड पूना’ (खडकी आणि पुणे) ही पट्टी, म्हणजे फितीवर बसवलेली लढाईच्या नावाची धातूची चीप, लावलेली प्रतिकृती मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. मूळ चांदीचे पदक सामान्य संग्राहकाच्या आवाक्यातले नसल्यामुळे, अभ्यासासाठी किंवा काचेच्या कपाटात मांडण्यासाठी अशा प्रतिकृतीवरच भागवावे लागते.

घडणीबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख आहे. मागील बाजूस बसलेली विजयदेवता, तिच्या हातातील डहाळी व पुष्पचक्र, पाठीमागचे ताडाचे झाड आणि शस्त्रांचा ढीग हे सारे इतके रेखीव उतरले आहे की भिंगाखाली पाहिले तरी रेषा पुसट वाटत नाहीत. पदक ज्यात अडकवले जाते ती वेलबुट्टीची कडी मुळाप्रमाणेच फिरते. फीत मात्र निराशा करते. फिक्या निळ्या रंगाऐवजी तिला गडद, चकाकणारी छटा आहे.

खरा दोष सोबतच्या माहितीपत्रकात आहे. ‘मराठ्यांविरुद्ध लढलेल्या कंपनीच्या सर्व सैनिकांना हे पदक देण्यात आले’ असे त्यात बेधडक छापले आहे. वास्तविक पदकाला मंजुरी मिळाली ती १८५१ मध्ये, आणि तेही केवळ तोवर हयात असलेल्या व स्वतः अर्ज करणाऱ्या सैनिकांसाठी. असईच्या रणांगणावर १८०३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी उभा राहिलेला शिपाई तेव्हा अडुसष्ट वर्षांचा झाला असता. गावी परतलेल्या अशा म्हाताऱ्यापर्यंत ही वार्ता पोचणे आणि त्याने कागदपत्रांचे सोपस्कार पार पाडणे किती अवघड असेल, याची कल्पना सहज करता येते. एकूण पदके जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास दिली गेली, यात म्हणूनच नवल नाही.

शिवाय केवळ मोहिमेत असणे पुरेसे नव्हते. ठरावीक एकवीस पट्ट्यांपैकी किमान एकीवर हक्क सिद्ध व्हावा लागे, कारण पट्टीविना हे पदक दिलेच गेले नाही. असई, अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, नागपूर आणि कोरेगाव या पट्ट्या आजच्या महाराष्ट्राशी निगडित आहेत. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि दोन आठवड्यांच्या आत पुणे कंपनीच्या हाती गेले. या दोन्ही प्रसंगी हजर असलेल्याला दोन स्वतंत्र पट्ट्या न देता ही एकच जोडपट्टी दिली जाई. पदकावर १७९९ हे वर्ष कोरलेले असले तरी पट्ट्यांची सुरुवात १८०३ च्या अलीगढपासून होते, कारण १७९९ मध्ये टिपू सुलतानाचे श्रीरंगपट्टण जिंकणाऱ्यांसाठी वेगळे पदक आधीच काढलेले होते. पत्रकात यातले अक्षरही नाही. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पराभवावर मात्र अर्धे पान खर्ची पडले आहे.

किंमत रास्त आहे आणि वेष्टनही काळजीपूर्वक केलेले होते. जादा पैसे भरल्यास विक्रेता पदकाच्या कडेवर हवे ते नाव कोरून देतो. ही सोय घेऊ नये, असे मी आवर्जून सांगेन. मूळ पदकांच्या कडेवर धारकाचे नाव असते आणि खऱ्याखोट्याच्या पडताळणीत त्याचा मोठा आधार असतो, तेव्हा नाव कोरलेली प्रतिकृती पुढे दुसऱ्याच्या हाती गेल्यास अस्सल म्हणून खपवली जाण्याचा धोका राहतो.