पित्ताशयाची शस्त्रक्रिया : रूढ दुर्बीण की चुंबकाची जोड?

पित्तखड्यांचा त्रास वारंवार होऊ लागला की पित्ताशय काढावे लागणार हे बहुधा ठरलेलेच असते, आणि प्रश्न उरतो तो पद्धतीचा. दुर्बिणीच्या रूढ शस्त्रक्रियेत पोटावर साधारणपणे चार छिद्रे घेतात. चुंबकाची जोड दिल्यास त्यांपैकी एखादे वाचते.

वाचते ते नेमके कोणते, हे समजून घ्यायला हवे. रूढ पद्धतीत ५ मिलिमीटरच्या एका छिद्रातून घातलेल्या चिमट्याने साहाय्यक पित्ताशयाचा माथा यकृताच्या वर ढकलून धरतो, कारण त्याशिवाय पित्ताशयाची नळी आणि धमनी सुट्या दिसत नाहीत. चुंबकीय पद्धतीत एक लहान क्लिप दुसऱ्या कामासाठी घेतलेल्या छिद्रातूनच आत नेऊन पित्ताशयाला लावतात, तिचा दांडा काढून घेतात आणि पोटावर बाहेरून ठेवलेल्या शक्तिशाली चुंबकाने तिला हव्या त्या दिशेला खेचून धरतात. चिमटा त्याच्या छिद्राभोवतीच फिरू शकतो, चुंबक मात्र पोटावर हवा तसा सरकवता येतो. सर्व अवजारे बेंबीजवळच्या एकाच छेदातून घालायची असतील, तर ती एकमेकांवर आदळतात. माझ्या मते चुंबकाचा खरा उपयोग तिथे आहे, चारांची तीन छिद्रे करण्यात तो त्या मानाने थोडा.

मर्यादाही चुंबकाच्या स्वभावातूनच येतात. अंतर वाढले की त्याची ओढ झपाट्याने घटते, त्यामुळे पोटाची भिंत जाड असेल तर पकड सैल पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अशा साधनाला प्रथम परवानगी दिली, ती पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपुरती आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २० ते ३४ असलेल्या रुग्णांपुरती होती. पुढे तिची व्याप्ती वाढली. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले लोहयुक्त भाग असणाऱ्यांनी हा पर्याय सोडून द्यावा. (चुंबक टेबलावरची पोलादी अवजारेही ओढतो, म्हणून शस्त्रक्रियागृहातली मांडणीसुद्धा बदलावी लागते.)

पुराव्याच्या बाबतीत रूढ पद्धतीचे पारडे स्पष्टपणे जड आहे. ती १९८० च्या दशकापासून चालत आली असून तिचे धोके तपशीलवार ठाऊक आहेत. चुंबकाला मिळालेल्या पहिल्या परवानगीमागे ५० रुग्णांचा अभ्यास होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे चुंबकीय पद्धतीने वेदना कमी होतात, हा दावा त्याच्या आधारे सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

या शस्त्रक्रियेतली सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे मुख्य पित्तनलिकेला होणारी इजा, आणि ती टाळण्यासाठी छिद्रांच्या संख्येपेक्षा नळी कापण्याआधी तिची ओळख निर्विवाद पटणे महत्त्वाचे असते. म्हणून केवळ ५ मिलिमीटरचा व्रण टाळण्यासाठी सर्जन बदलू नये. सर्जनला चुंबकाचा पुरेसा सराव असेल आणि पित्ताशयाला तीव्र सूज नसेल, तर हा पर्याय जरूर स्वीकारावा. मात्र आत चिकटलेले भाग आढळल्यास चौथे छिद्र घेण्याची मोकळीक संमतिपत्रावर सही करतानाच देऊन ठेवावी.