खडेबाजारातील बाहुल्यांचे दुकान: एका पुरुष गिऱ्हाइकाचे परीक्षण

बेळगावच्या खडेबाजारात खेळण्यांची दुकाने पुष्कळ आहेत. परंतु बाहुल्या जमवणारी प्रौढ माणसे असतात हे ध्यानात घेऊन माल भरणारे दुकान माझ्या पाहण्यात एकच आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्याकडे नेमाने येणाऱ्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांना आपण येथे येतो हे कचेरीत किंवा सासुरवाडीत कळलेले चालणार नाही, आणि नाव सर्वत्र झाले तर ते येणेच बंद करतील. तरीही ज्याला शोधायचे आहे त्याला गणपत गल्लीच्या बाजूने बाजारात शिरून, दोन-चार दुकानदारांना ‘शोभेच्या बाहुल्या कुठे मिळतात’ असे मोठ्याने विचारण्याची तयारी असली की, दुकान सापडते. ती तयारी नसणारेच अधिक, हे या परीक्षणाला निमित्त झाले.

तळमजल्यावर चेंडू, बॅटी, सेलवर चालणाऱ्या मोटारी असा नेहमीचा माल आहे आणि त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. पाहण्याजोगा संग्रह लोखंडी जिन्याने वर गेल्यावर माळ्यावरच्या काचेच्या कपाटांत मांडलेला आहे. तेथे चन्नपट्टणच्या लाखकामाच्या बाहुल्या आहेत, आंध्रातील कोंडपल्लीचे अंबारीचे हत्ती आणि दशावतार आहेत, तंजावरच्या मान डोलावणाऱ्या नर्तकी आहेत, सावंतवाडीच्या चितार आळीतून आलेली लाकडी फळे आणि आपल्याच जिल्ह्यातील गोकाकची रंगीत खेळणी आहेत. एका कपाटात बार्बी आणि तिच्या बरोबरीच्या परदेशी बाहुल्या आहेत.

यांपैकी चन्नपट्टणचा माल सर्वांत भरवशाचा वाटला. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या जातीच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. त्यामुळे अस्सल बाहुलीच्या अंगावर ब्रशचे फराटे दिसत नाहीत आणि ऑइलपेंटचा वास येत नाही. मालकांनी मला शेजारच्या राज्यातून आलेली एक नक्कल आणि एक अस्सल बाहुली अशा दोन्ही हातात देऊन बोटाने चाचपून पाहायला सांगितले. नकलेच्या मानेपाशी रंगाचा ओघळ वाळून गाठ झालेली होती, तर अस्सल बाहुलीच्या मानेवरील लाल आणि पिवळा पट्टा जेथे भेटतात तेथे नखालाही काही लागत नव्हते. नक्कल ते विकायला ठेवत नाहीत, केवळ दाखवण्यासाठी गल्ल्याखाली ठेवतात. इतका प्रामाणिकपणा मला मोठ्या शहरांतल्या झगमगीत दुकानांतही आढळलेला नाही.

कोंडपल्लीच्या बाहुल्यांचे अवयव हलक्या लाकडातून वेगवेगळे कोरून चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडलेले असतात. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत या सांध्यांपाशी रंगाला बारीक तडे जातात, आणि माळ्याची पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात पाझरते, ही या दुकानाची मोठी उणीव आहे. एका राजस्थानी कापडी बाहुलीच्या घागऱ्याच्या घेरावर मला बुरशीचे करडे ठिपके दिसले. मालकांनी ती बाहुली तत्काळ कपाटातून काढली, पण कपाटांत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवण्याचा खर्च त्यांनी अजून केलेला नाही, आणि तो त्यांनी करायला हवा.

परदेशी बाहुल्यांचा साठा मोजकाच आहे व त्यात मालकांचा दोष नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेले. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची आहे, ज्यातून नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला मात्र सूट आहे. बावीस सांधे असलेली ‘मेड टू मूव्ह’ बार्बी हवी असल्यास आगाऊ सांगावे लागते. एक सूचना जाणकारांसाठी: गडद रंगाचे कपडे घातलेली बाहुली घेतल्यास घरी गेल्यावर ते उतरवून ठेवावेत, कारण कापडाचा रंग व्हिनाइलच्या पायांवर उतरतो आणि मग सहजासहजी जात नाही.

आता सेवेविषयी, आणि यातच मला अधिक लिहायचे आहे. जिन्याशी उभा असलेला नोकर पुरुष गिऱ्हाईक दिसले की, ‘मुलगीला पायजे काय ओ सर? कितव्या वर्गात हाय?’ असे विचारतो. त्यात उपहास नसतो, विचारण्याची रीत म्हणूनच तो विचारतो. परंतु अनेकांना तेवढ्याने परत फिरताना मी पाहिले आहे. मालक स्वतः असे काही विचारत नाहीत. त्यांची पद्धत अधिक मायाळू, आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे. पुरुषाने बाहुली पसंत केली की ते न सांगता तिच्या खोक्यावर फुगे आणि केक छापलेला कागद गुंडाळतात, वर गुलाबी फीत लावतात. वाटेत कोणी ओळखीचा भेटला तर ‘भाचीचा वाढदिवस’ असे सांगता यावे, ही त्यामागची सोय. संग्राहकाला बाहुलीइतकेच तिच्या खोक्याचेही मोल असते. चिकटपट्टी काढताना छपाईचा पापुद्रा निघून आला की त्या वस्तूची किंमत उतरते. पण मालकांना याहून मोठे नुकसान कोणते वाटत असेल, हे त्यांच्या त्या फितीवरून कळते.

ही सोय लागते याचा अर्थ काय, याचा विचार केल्यावाचून मला राहवले नाही. दिवाळीच्या तोंडावर याच दुकानाच्या पायरीवर मिशा पिकलेली माणसे मातीचे मावळे, तोफा आणि सिंहासनाधिष्ठित महाराज यांच्यासाठी घासाघीस करत उभी असतात; किल्ला मुलांचा असला तरी मावळ्यांची निवड वडीलच करतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. दसऱ्याला, जुन्या म्हैसूर प्रांतातून नोकरीनिमित्त टिळकवाडीत स्थायिक झालेली कानडी कुटुंबे पायऱ्या मांडून गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवतात. रक्तचंदनाचे राजा-राणी सर्वांत वरच्या पायरीवर ठेवताना घरातला कर्ता पुरुषच स्टुलावर चढलेला असतो. ट्रकच्या पुढे काळी बाहुली लटकवणारा चालक पुरुषच असतो. अर्धवटरावाला मांडीवर घेऊन बोलते करणाऱ्या पाध्ये पिता-पुत्रांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, आणि येथून फार लांब नसलेल्या पिंगुळीतील कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. व्यंगचित्रकार शंकर यांनी देशोदेशींच्या बाहुल्या जमवल्या, त्यांचे संग्रहालय 1965 पासून दिल्लीत आहे व शाळांच्या सहली तेथे जातात.

म्हणजे पुरुषाच्या हातात बाहुली असण्याला आपल्या समाजाची हरकत नाही; देव, सण, दृष्ट, धंदा, कला, मुले यांपैकी काही तरी निमित्त हवे, इतकेच. निमित्तावाचून, केवळ आवडते म्हणून, कोणी बाहुली घरी आणली की शेजारीपाजारी स्वतःहून निमित्त पुरवू लागतात. मला दोन मुलगे आहेत, तेव्हा ‘मुलगी नाही ना, म्हणून’ असा निष्कर्ष आमच्या गल्लीत फार पूर्वीच निघाला. एका अविवाहित स्नेह्याच्या बाबतीत ‘लग्न झाले नाही, म्हणून’ असा निघाला. करुणेचे हे निष्कर्ष त्यातल्या त्यात बरे. काही जण ‘बायकी’ म्हणून मोकळे होतात, काहींना रात्री त्या डोळ्यांची भीती वाटते आणि करणी-भानामतीच्या गोष्टी आठवतात, आणि काही जण, तोंडाने न बोलता, त्या घरी आपली मुले पाठवणे थांबवतात. हा शेवटचा संशय सर्वांत जड असतो, कारण तो कोणी बोलूनच दाखवत नाही, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही. याच छंदाच्या बाईला मात्र ‘हौशी’ म्हणतात आणि हळदीकुंकवाला तिचे कपाट उघडून दाखवण्याचा आग्रह करतात. नाणी, तिकिटे किंवा जुनी घड्याळे जमवणाऱ्या पुरुषाची वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते; तोही वस्तू कपाटात ठेवून पुसण्यापलीकडे काही करत नाही.

मी मालकांना शांतपणे सांगितले की, मला कागद आणि फीत नको, खोके जसे आहे तसे पारदर्शक पिशवीत द्यावे. त्यांनी दोनदा ‘नक्की ना सर?’ असे विचारले, आणि मग तसे दिले. दुसऱ्या खेपेला त्यांनी आपण होऊनच कागदाला हात लावला नाही. इतर गिऱ्हाइकांनाही ‘गुंडाळून देऊ की तसेच?’ असे विचारावे, ही माझी सूचना त्यांनी मान्य केली असली तरी नोकराचा प्रश्न अद्याप बदललेला नाही.

भारतीय हस्तकलेच्या बाहुल्यांसाठी हे दुकान मी निःसंकोच सुचवीन. भाव वाजवी आहेत, आणि चन्नपट्टणच्या जोड्यांवर फारशी घासाघीस करू नये, कारण त्यात मालकांना फार सुटत नाही. परदेशी बाहुलीसाठी मात्र खोक्याच्या चारही कडा पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. खरेदी शक्यतो दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात करावी, तेव्हा नवा माल आलेला असतो आणि भिंतही वाळू लागलेली असते. माळ्यावरची ट्यूब मालक विजेच्या बिलापायी बंद ठेवतात. वर गेल्यावर ती लावायला सांगावी, ते नाही म्हणत नाहीत.