आजोबांचा चाकू आणि बर्तन बाजारामागचा कारागीर

पाच पैकी चार तारे. एक कापला, कारण चार दिवस सांगून अकरा दिवस लावले.

चाकू माझ्या आजोबांचा. दुसऱ्या महायुद्धात ते आसाममध्ये लेडो रस्त्याच्या कामावर ट्रक चालवायचे, तिथल्या एका अमेरिकन मेकॅनिकने दिलेला. पात्याच्या मुळाशी शिक्का: एका बाजूला कॅमिलस, न्यूयॉर्क, म्हणजे बनवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला यू.एस.एन. मार्क 2, म्हणजे अमेरिकन नौदलाचा नमुना. सात इंची, कार्बन पोलादाचं पातं. मूळची मूठ चामड्याच्या चकत्यांची असते. आसामच्या पावसात ती कुजली असणार, कारण आमच्या चाकूला विमानाच्या काचेचं पर्स्पेक्स (पारदर्शक प्लास्टिक) आणि ॲल्युमिनियमच्या चकत्या एकाआड एक ओवून मूठ केली आहे. मध्ये एक लाल चकती, ती कशाची हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. संग्राहकांना अशा, सैनिकांनी वर्कशॉपमध्ये स्वतः बदललेल्या चाकूंचं भलतं वेड असतं. मी संग्राहक वगैरे नव्हे, तीन चाकू आहेत एवढंच.

मूठ खुळखुळायला लागली होती. पण कुणाच्या हातात द्यायची हिंमत होत नव्हती. दुसरा एक चाकू मागे एका दुकानात दिला होता, ‘फक्त गंज काढा’ म्हणून. परत आला तो आरशासारखा. बफिंगच्या चाकावर धरून शिक्क्याची अक्षरं गुळगुळीत, फॉस्फेटचा करडा थर साफ, आणि टोकाशी निळसर झाक. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मी चोवीस वर्षं मुलांना हेच शिकवलं: निळा रंग आला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं, तिथलं पाणी उतरलं. आता ते टोक कितीही परजा, धार टिकत नाही.

हा कारागीर वेगळा निघाला. दुकान म्हणजे जेमतेम दोन खाटांची जागा, पाटीसुद्धा नाही. बफिंगचं चाक कापडाने झाकलेलं. त्याने आधी चाकू कानाशी नेऊन हलवला. मग स्पिरिटची बाटली बाजूला सरकवली आणि म्हणाला, ‘‘दीदी, इसको स्पिरिट लगा तो काँच में जाले पड़ जाएँगे.’’ बरोबर आहे, पर्स्पेक्सला बारीक तडे जातात. मी न सांगता त्याने हे ओळखलं, तिथेच मी चाकू ठेवून निघाले.

मूठ उतरवून त्याने एक नवी पातळ ॲल्युमिनियमची चकती घातली, आतल्या बाजूला, दिसणार नाही अशी. पातं तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने पुसलं, लाल गंज गेला, जुनी करडी झाक राहिली. पात्यावरच्या लांब खाचेबद्दल ‘‘खून बहने के लिए’’ हे मात्र त्यानेही ऐकवलंच. ती वजन कमी करायला असते, पण मी गप्प बसले.

मग त्याने मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीजवळचे गंजाचे चार खड्डे दाखवले. ‘‘ये निकालूँ?’’ आजी दर खंडेनवमीला ओलं हळदकुंकू नेमकं तिथेच लावायची. चाळीस वर्षं. मी म्हटलं, राहू द्या भिया.

साडेसातशे रुपये घेतले. म्यान शिवायचं काम मात्र इथे देऊ नका, टाका जाड पडतो. आणि चाकू म्यानात ठेवूही नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं पात्याला खातात, पितळी बटणं हिरवी पडतात. मी सुती कापडात, शिलाई मशीनचं तेल लावून ठेवते. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

दसऱ्याच्या आठवड्यात जाऊ नका, दारात कात्र्या-कोयत्यांची रांग असते. यंदा खंडेनवमीला कुंकू मी म्यानाला लावलं. आई म्हणाली, चालतं.